तिचे चित्र, तिच्याच हाताने

मुस्लिम स्त्रीची चित्रे जगाने पुष्कळ काढली. तेहरान, कैरो आणि काबूलमधल्या काही जणींनी स्वतः पेन, ब्रश, रंगाचा डबा हाती घेतला, तेव्हा त्या चित्रातून काय बोलले गेले?

रमजान सुरू झाला की वर्तमानपत्रांत ठरलेली छायाचित्रे येऊ लागतात. मशिदीतल्या नमाजाच्या रांगा, खजुरांचे ढीग, कढईतून निघणारे समोसे आणि बाजारात शेवया किंवा बांगड्या बघत उभी असलेली बुरख्यातली एक स्त्री. बहुतेक वेळा ती पाठमोरी असते. खाली तिचे नाव नसते. पहाटे उठून घरादाराची सहरी करणारी, दिवसभर रोजा ठेवून शाळेत शिकवणारी, दवाखान्यात ड्युटी करणारी, दुकानाचा हिशेब सांभाळणारीही तीच असते. छायाचित्रात मात्र ती फक्त सणाचे वातावरण दाखवण्यापुरती येते. गावातल्या कुणालाही 'मुस्लिम स्त्री म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येते?' असे विचारले, तर असेच एखादे पाठमोरे चित्र येण्याची शक्यता जास्त.

हे चित्र तिने काढलेले नाही. दुसऱ्यांनी काढले आणि तिच्यावर चिकटवले. ही सवय फार जुनी आहे.

न पाहता काढलेली चित्रे

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आँग्र या फ्रेंच चित्रकाराचे 'तुर्की स्नानगृह' नावाचे गोल आकाराचे चित्र आहे. स्नानगृहात विवस्त्र बसलेल्या स्त्रियांचा मोठा घोळका त्यात दिसतो. १८६२ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, आँग्रने ते रंगवले. गंमत अशी की तो तुर्कस्तानला कधी गेलाच नव्हता. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी एका इंग्रज बाईने लिहिलेल्या प्रवासपत्रांतली वर्णने त्याने उतरवून घेतली होती. बाकीचे सारे कल्पनेचे.

पुढे अल्जेरिया फ्रेंचांच्या ताब्यात असताना तिथल्या स्टुडिओंत पैसे देऊन मॉडेल बसवल्या गेल्या आणि 'अल्जेरियन स्त्री' म्हणून त्यांची पोस्टकार्डे युरोपभर विकली गेली. मालेक अलूला या अल्जेरियन लेखकाने १९८१ मध्ये अशा पोस्टकार्डांवर एक पुस्तकच लिहिले. परक्यांच्या कॅमेऱ्याने तेव्हा तिला उघडे करून दाखवले. आजचा टीव्ही तिला काळ्या कापडात गुंडाळून दाखवतो. दोन्ही वेळा चित्र कसे असावे, हे तिला कुणी विचारले नाही.

सुधारकांचीही गोष्ट थोडीफार अशीच. १९०६ साली तिफ्लिस शहरातून 'मुल्ला नसरुद्दीन' नावाचे अझरबैजानी भाषेतले व्यंगचित्र साप्ताहिक निघाले. मुलींना शाळेपासून दूर ठेवणे, बालविवाह, बायकांवरचे जुलूम यांवर त्याने बेधडक चित्रे छापली. संपादक जलील मम्मदगुलूजादे यांचे धाडस मोठेच होते. तरीही चित्रकार पुरुष होते, आणि बाई बहुधा चित्राचा विषय होती.

इथे शेजारीपाजारी हमखास विचारतात, "पण तुमच्यात चित्र काढणे वर्ज्य ना?" उत्तर एका वाक्यात देता येत नाही. सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. मशिदीत आणि कुरआनच्या पानांवर माणसांची चित्रे नसतात. मात्र दरबारात आणि ग्रंथांत मुस्लिम समाजांनी शतकानुशतके चित्रे काढली. इराणी शाहनाम्याची सचित्र पाने आणि मोगल लघुचित्रे याची साक्ष देतात. जहांगीरच्या काळात नादिरा बानू, सहीफा बानू या स्त्रिया चित्रे काढत होत्या. म्हणजे बाईच्या हातात कुंचला नवा नाही. तिने त्या कुंचल्याने स्वतःचे जगणे मांडावे, हे त्या मानाने नवे आहे.

शाळेच्या आवारातली ओढणी

मर्जान सत्रापी यांचा जन्म १९६९चा, इराणमधल्या रश्त शहरातला. बालपण तेहरानमध्ये गेले. १९७९ मध्ये शहाची राजवट उलथली. त्याच वर्षी ८ मार्चला आणि पुढचे काही दिवस तेहरानच्या हजारो स्त्रिया सक्तीच्या पडद्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. वर्षभरात शाळेतल्या मुलींच्या डोक्यावर ओढणी आली. सत्रापी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या.

वीस वर्षांनी फ्रान्समध्ये राहत असताना त्यांनी ही कहाणी कॉमिकच्या रूपात मांडली. 'पर्सेपोलिस' या नावाने २००० ते २००३ या काळात तिचे चार भाग फ्रेंचमध्ये निघाले. पहिल्या प्रकरणाचे नावच 'ओढणी'. त्यात शाळेच्या आवाराचे एक चित्र आहे. कुणी ओढणीची दोरी करून उड्या मारते आहे, कुणी तिचा लगाम करून मैत्रिणीला घोडा बनवले आहे, कुणी ती फेकून दिली आहे. मोठ्या माणसांनी देशाचा प्रश्न केलेले कापड मुलींच्या हातात खेळणे झाले आहे. भाषण नाही, घोषणा नाही. तरी सक्ती म्हणजे काय, हे त्या एका चौकटीत कळते.

चित्रे अगदी साधी आहेत. ठसठशीत काळा रंग, पांढरा कागद, मधली करडी छटा नाही. चेहरे लहान मुलाने काढावेत तसे. या साधेपणामुळे ती मुलगी इराणची राहत नाही, कुणाच्याही घरातली होते. तिची आई मोर्चात असताना एक छायाचित्र मासिकात छापून येते. मग भीतीने आई केस रंगवते आणि काळा चष्मा लावून फिरू लागते. आजी मोगऱ्यासारख्या सुवासाची जाईची फुले चोळीत ठेवते, म्हणून नातीला आजी म्हणजे फुलांचा वास. क्रांती, युद्ध, तुरुंग यांचा इतिहास या घरगुती गोष्टींमधून येतो. वाचकाला तारखा पाठ होत नाहीत, आजी मात्र लक्षात राहते.

पुस्तकातला सर्वांत मोठा घाव एका काळ्या चौकटीत आहे. इराक-इराण युद्धात तेहरानवर क्षेपणास्त्रे पडत होती. मर्जीच्या गल्लीत एक ज्यू कुटुंब राहत होते. शनिवार त्यांच्या प्रार्थनेचा दिवस, म्हणून ते घरातच असणार. क्षेपणास्त्र पडते आणि घर कोसळते. ढिगाऱ्यातून मैत्रिणीचे फिरोजाचे कडे दिसते, त्याला काहीतरी लागलेले असते. मर्जी तोंडावर हात ठेवते, मग डोळ्यांवर. त्याच्या पुढची चौकट पूर्ण काळी आहे. चेहरा नाही, अश्रू नाहीत. दुःख कसे काढायचे, याचे उत्तर एका चित्रकर्तीने असे दिले. ते दुःख शेजारच्या परधर्मीय मुलीचे होते, हेही विसरण्यासारखे नाही.

राग आणि राजकारण यांचे धागे पुस्तकात असेच विणलेले आहेत. घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला शाळेत सोनेरी रंगाची प्लास्टिकची किल्ली दिली जाते. युद्धात मेलास तर हीच जन्नतची किल्ली, असे त्याला सांगितले जाते. एका चौकटीत भूसुरुंगावर उडणारी गरिबांची मुले, गळ्यात त्या किल्ल्या. त्याच पानावर मर्जीच्या घरची पार्टी आणि नाचणारी पोरे. दोन चित्रे एकाखाली एक ठेवली आहेत. भाष्य वाचकाने स्वतः करायचे.

स्वतःच्या वर्गाविषयीही सत्रापी गप्प बसत नाहीत. घरातली मोलकरीण मेहरी शेजारच्या मुलाच्या प्रेमात पडते. तिला लिहिता येत नाही, म्हणून छोटी मर्जी तिची प्रेमपत्रे लिहून देते. बिंग फुटते तेव्हा पुरोगामी म्हणवणारे वडीलच जाऊन त्या मुलाला सांगतात, ही आमची मुलगी नाही, मोलकरीण आहे. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या घरात जेवणाचे टेबल मात्र वेगवेगळे. असे टेबल आपल्या गावात कोणत्या घरात नसते?

पुढे तेहरानच्या कला महाविद्यालयातला एक प्रसंग येतो. मानवी शरीराच्या अभ्यासासाठी मॉडेल म्हणून बाई बसवली आहे, पण डोक्यापासून पायापर्यंत चादरीत. मुलांनी सगळ्या बाजूंनी बघितले, कुठूनही कापडाच्या घड्याच दिसल्या. वाचक हसतो आणि हसता हसता थांबतो. बाईचे चित्र काढायला शिकवणाऱ्या वर्गात बाईच दिसत नाही.

पण या पुस्तकात फक्त इराणच्या सत्तेवर टीका आहे, असे समजून जे खूश होतात, त्यांची पुढच्या पानांवर निराशा होते. १४ वर्षांची मर्जी व्हिएन्नाला शिकायला जाते. तिथल्या वसतिगृहात एक नन इराणी लोकांच्या अडाणीपणाविषयी टोमणा मारते. मर्जी उलट उत्तर देते आणि वसतिगृह गमावते. २००३ मध्ये फ्रान्समध्ये शाळांत हिजाबबंदीचा कायदा घाटत होता. तेव्हा सत्रापी यांनी इंग्रजी वृत्तपत्रात लेख लिहिला. पडदा त्यांना मान्य नाही. तरीही मुलीच्या डोक्यावरून तो जबरदस्तीने काढणे हेही तितकेच चूक, अशी त्यांची भूमिका होती. कायदा २००४ मध्ये झालाच.

'पर्सेपोलिस'वर सत्रापी यांनीच सहदिग्दर्शित केलेला चित्रपट २००७ मध्ये आला आणि कान महोत्सवात परीक्षकांचा पुरस्कार मिळवून गेला. तो ट्युनिशियात दाखवल्याबद्दल २०१२ मध्ये तिथल्या वाहिनीच्या प्रमुखाला २,४०० दिनारांचा दंड झाला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या शाळाप्रशासनाने पुस्तक वर्गांतून काढायला सांगितले, तेव्हा विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. काळ्या-पांढऱ्या रेषांची भीती कोणत्या एका देशालाच वाटते, असे नाही.

'ला' म्हणजे नाही

तेहरानमधली बंडखोर मुलगी ओढणी झुगारते. कैरोतली एक नायिका हिजाब घालूनच लढते. दोघींची गाठ पडली असती, तर त्या भांडल्या असत्या का? बहुधा नाही.

कैरोची गोष्ट भिंतींपासून सुरू होते. बहिया शिहाब या लेबनानी-इजिप्शियन कलाकार आणि कलेच्या इतिहासाच्या अभ्यासक. २०१० मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनासाठी त्यांनी एकच शब्द निवडला, अरबीतला 'ला', म्हणजे 'नाही'. लाम आणि अलिफ या दोन अक्षरांची ही जोडी मशिदी, भांडी, कापड, हस्तलिखिते यांवर १,४०० वर्षांत कशी कशी लिहिली गेली, हे शोधून त्यांनी स्पेनपासून चीनच्या सीमेपर्यंतचे हजार नमुने जमवले. अरबीत ठामपणे नकार देताना 'हजार वेळा नाही' म्हणतात, तेच प्रदर्शनाचे नाव झाले. मुसलमानांच्या कलम्याची सुरुवातही याच 'ला'ने होते, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

मग २०११ची क्रांती झाली. १७ डिसेंबर २०११ रोजी कैरोत निदर्शनांच्या वेळी सैनिकांनी एका स्त्रीला फरफटत नेऊन मारले. तिचा अबाया वर गेला, आतली निळी ब्रा दिसली आणि ते दृश्य जगभर गेले. ती तिथे का गेली होती, आत काय घातले होते, असे प्रश्न काही जणांनी उलट तिलाच विचारले. तीन दिवसांनी हजारो स्त्रियांनी मोर्चा काढला. शिहाब यांनी संग्रहातल्या 'नाही'चे स्टेन्सिल कापले आणि भिंतींवर उमटवायला सुरुवात केली. लष्करी राजवटीला नाही. नव्या फेरोला नाही. आणि एक निळी ब्रा, सोबत जनतेला विवस्त्र करण्याला नाही. लाजेचे चिन्ह म्हणून जे वापरले गेले, ते भिंतीवर येताच मारणाऱ्यांची लाज झाले.

त्याच शहरात २०१३ मध्ये दीना मोहम्मद ही १८ वर्षांची मुलगी इंटरनेटवर एक कॉमिक टाकू लागली. नायिकेचे नाव काहिरा. हे कैरो शहराचे अरबी नाव, आणि अर्थ 'जिंकणारी'. काळा पोशाख, हिजाब, हातात तलवार. हिजाब घालणारी सुपरहिरो! एका भागात, बायकांनी आज्ञेत राहावे असा उपदेश करणाऱ्या माणसाची ती खबर घेते. दुसऱ्या भागात तिचा सामना 'फेमेन'शी होतो. युरोपमधल्या या गटाच्या बायकांनी २०१३च्या एप्रिलमध्ये 'मुस्लिम स्त्रियांच्या मुक्तीसाठी' म्हणून मशिदींसमोर उघड्या छातीने निदर्शने केली होती. तुम्हाला आमची मुक्तता करायला कुणी बोलावले, हा काहिराचा सवाल होता. घरातला जुलूम करणारा आणि बाहेरून कीव करणारा, दोघांनाही एकाच तलवारीचे पाणी पाजणारी नायिका तोवर कुणी पाहिली नव्हती. इंग्रजीत सुरू झालेले कॉमिक लवकरच अरबीतही आले.

काहिराची मोठी लढाई रस्त्यावरच्या छेडछाडीशी होती. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेने २०१३ मध्ये इजिप्तमध्ये केलेल्या पाहणीत ९९.३ टक्के स्त्रियांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते. हिजाब घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या दोघींचाही छळ होतो, आणि तक्रार केली तर यंत्रणा तिलाच दोष देते, हे या कॉमिकने थेट मांडले. जून २०१४ मध्ये इजिप्तच्या कायद्यात या गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा आली. कायदा कॉमिकमुळे आला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो आला यामागे रस्त्यावर पहारा देणारे स्वयंसेवक होते, तक्रार नोंदवणाऱ्या मुली होत्या. 'हे माझ्याही बाबतीत घडले' असे उघड म्हणण्याचे बळ वाढवणाऱ्या गोष्टींत ही चित्रेही होती.

दीना मोहम्मद यांचे पुढचे मोठे काम म्हणजे 'शुबैक लुबैक' ही चित्रकादंबरी. जिनच्या गोष्टींत जिन मालकाला 'हुकूम करा' या अर्थाने जे म्हणतो, तेच हे शब्द. या कैरोत इच्छा बाटलीत विकत मिळतात. पहिल्या दर्जाची इच्छा महाग आणि भरवशाची, तिसऱ्या दर्जाची स्वस्त आणि दगाबाज. अजीजा नावाची गरीब विधवा वर्षानुवर्षे काबाडकष्ट करून पहिल्या दर्जाची एक इच्छा विकत घेते. सरकारी बाबूंना संशय येतो की असल्या बाईकडे ही आली कुठून? तिला तुरुंगात टाकतात, इच्छा सोडून दे म्हणून दबाव आणतात, ती सोडत नाही. रेशन कार्डासाठी, विधवा पेन्शनसाठी हेलपाटे घातलेल्या कुणालाही अजीजा परकी वाटणार नाही. दुसऱ्या भागातला नूर हा कॉलेजात शिकणारा, पैसेवाल्या घरचा जीव नैराश्याने ग्रासलेला आहे. मनाची ती अवस्था शब्दांत सांगता येत नाही, म्हणून चक्क आलेखांमधून दाखवली आहे. पहिला भाग २०१७ मध्ये कैरोच्या कॉमिक महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. २०२३ मध्ये लेखिकेनेच केलेला इंग्रजी अनुवाद आला, तोही उर्दू पुस्तकासारखा उजवीकडून डावीकडे वाचायचा.

तोंड नसलेली मुलगी

काबूलची कहाणी कैरोइतकी जोशाची नाही. शम्सिया हसनी यांचा जन्म १९८८ मध्ये तेहरानमध्ये, निर्वासित अफगाण आईवडिलांच्या पोटी झाला. २००५ मध्ये कुटुंब काबूलला परतले. त्यांनी काबूल विद्यापीठात कला शिकली, पुढे तिथेच शिकवली आणि २०१०च्या अखेरीस एका कार्यशाळेत स्प्रेने भिंती रंगवायला शिकल्या. त्यांच्या चित्रांत एकच मुलगी पुनःपुन्हा येते. डोळे मिटलेले, तोंड नाही, हातात बहुधा एखादे वाद्य. तिला बोलायला तोंड दिलेले नाही, म्हणून तिचे बोलणे वाद्यातून.

रस्त्यावर उभे राहून भिंत रंगवणे बाईसाठी धोक्याचे होते. पंधरा मिनिटांत काम उरकून निघावे लागे. म्हणून हसनी यांनी शहराच्या भिंतींची छायाचित्रे घेऊन, घरात बसून त्या छायाचित्रांवर मुलगी रंगवायला सुरुवात केली. ज्या भिंतीपर्यंत पोहोचता येत नाही, ती स्वप्नातच रंगवायची. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये परतले. त्या दिवसांत त्यांची जी चित्रे जगभर फिरली, त्यांत काळ्या बंदूकधारी आकृतीसमोर उभी असलेली तीच मुलगी होती, तिच्या हातात एक छोटे फूल. मुलींच्या शाळा बंद झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आणि विसरलो. ते फूल अनेकांच्या लक्षात राहिले.

आपल्याकडच्या रेषा

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर जवळ यावे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 'मथुरा प्रकरण' म्हणून ते देशाला माहीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. या चळवळीने हाताने रंगवलेली पोस्टर्स काढली. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावीत, म्हणून चित्र मोठे आणि शब्द मोजके. आवळलेली मूठ, तुटलेली साखळी, एकमेकींचे हात धरलेल्या बायका. १९८३ मध्ये कायदा बदलला. दिल्लीच्या 'जुबान' या प्रकाशनसंस्थेने देशभरची अशी शेकडो पोस्टर्स पुढे जमवून जपली. त्यांतल्या कित्येकांवर काढणारीचे नाव नाही.

त्याच काळात, १९८२ पासून, मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची 'सुकी' येऊ लागली. विस्कटलेल्या केसांची, स्वतःच्या तंद्रीत जगणारी एकटी मुलगी. व्यंगचित्रात बाई म्हणजे लाटणे घेतलेली बायको, या समजाला सुकीने न बोलता सुट्टी दिली.

आणखी एक दुवा तर थेट रमजानच्या पानावर शोभावा असा. बंगालच्या बेगम रुकैया यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाचे स्वप्न' ही इंग्रजी कथा लिहिली. तिच्यातल्या देशात बायका राज्य करतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि पुरुष पडद्यात बसतात. शंभर वर्षांनी या कथेसाठी चित्रे काढली दुर्गाबाई व्याम यांनी. त्या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजातल्या. पुढे याच दुर्गाबाईंनी पती सुभाष व्याम यांच्यासह डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरचे 'भीमायन' चितारले. त्यात कठोर बोलणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीच्या फुग्यात येतात आणि गोड बोलणाऱ्याचे पक्ष्याच्या आकारात. महाडच्या पाण्याची गोष्ट अशा रेषांत वाचताना डंख खरोखर लागतो. मुस्लिम बाईचे स्वप्न आणि दलितांचा संघर्ष एकाच आदिवासी बाईच्या हातून कागदावर उतरले, हे या देशातच घडू शकते.

निर्णय कोणाचा?

२०२२ हे वर्ष आठवावे. १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाने वर्गातली हिजाबबंदी कायम ठेवली. १६ सप्टेंबरला तेहरानमध्ये, हिजाब नीट नाही म्हणून ताब्यात घेतलेल्या २२ वर्षांच्या महसा अमीनीचा मृत्यू झाला आणि इराण पेटले. १३ ऑक्टोबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी कर्नाटकच्या प्रकरणात परस्परविरोधी निकाल दिले. एकीकडे डोक्यावरचे कापड सरकले म्हणून मार, दुसरीकडे ते काढले नाही म्हणून शाळेचे दार बंद.

अनेकांनी तेव्हा सोयीपुरती बाजू घेतली. इराणच्या मुलींसाठी टाळ्या वाजवणारे उडुपीच्या मुलींबाबत गप्प राहिले, तर उडुपीच्या मुलींच्या निवडीसाठी भांडणाऱ्यांपैकी काहींना तेहरानचा विषय नकोसा झाला. या चित्रकर्त्यांना मात्र अशी कसरत करावी लागत नाही. सत्रापी यांची बंडखोर मर्जी आणि दीना यांची हिजाबधारी काहिरा विरुद्ध टोकांना उभ्या दिसतात, पण दोघींचा सवाल एकच आहे. माझ्या अंगावर काय असावे, हे ठरवणारे तुम्ही कोण? इराणमधली 'ज़न, ज़िंदगी, आज़ादी' ही घोषणा मूळ कुर्दीतली. तिच्यातले निदान दोन शब्द तरी आपल्या गल्लीत रोज बोलले जातात.

चित्रांची किंमतही मोजावी लागते. सत्रापी पॅरिसमध्ये राहिल्या, हसनी यांना काबूल सोडावे लागले. २०२३ मध्ये सत्रापी यांनी अनेक चित्रकारांना घेऊन महसानंतरच्या आंदोलनावर चित्रपुस्तक काढले. २०२४ मध्ये त्यांना स्पेनचा प्रतिष्ठेचा आस्तुरियास पुरस्कार मिळाला. २०२५च्या जानेवारीत फ्रान्सचा सर्वोच्च नागरी सन्मान मात्र त्यांनी नाकारला. इराणी तरुणांना व्हिसा नाकारणाऱ्या सरकारचा सन्मान नको, असे त्यांचे म्हणणे. ज्या देशाने आसरा दिला, त्यालाही 'ला' म्हणायला त्या कचरल्या नाहीत.

चित्राने सत्ता उलथत नाही आणि गेलेला जीवही परत येत नाही. पण घरातल्या घरात गिळलेला अपमान कागदावर आला की तो एकटीचा राहत नाही. बघणारी दुसरी बाई म्हणते, "अगं, हे तर माझेच." तेवढ्याने मनातली गोष्ट गावाची होते, आणि राजकारणाची सुरुवात तिथूनच होते.

आपल्या गावातही हात तयार आहेत. चाँदरातीला रात्रभर जागून शंभर हातांवर मेंदी काढणाऱ्या मुलीची रेष बघा. कोन उचलला की सलग, न थरथरता, न खोडता चालते. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या तिच्या मैत्रिणीचीही तशीच. ही रेष आजवर दुसऱ्यांच्या तळहातांवर आणि दुसऱ्यांच्या अंगणात उमटली आणि दोन दिवसांत पुसली गेली. या ईदला तिला ईदीच्या पाकिटासोबत एक कोरी वही आणि काळे पेन द्यायला काय हरकत आहे? ती काय काढील, ते मात्र तिला सांगू नये.